धरणाच्या खोल पाण्यात मोठा महाशीर कसा शोधायचा

साताऱ्याकडची धोम, कण्हेर, उरमोडी धरणं, कुठल्याही बॅकवॉटरला रविवारी जाऊन बघा, गळ टाकून बसलेली पोरं दिसणारच, आणि संध्याकाळी पिशवीत डोकावलं तर चिलापी, फार तर एखादा किलोभर कटला. मोठा महाशीर (गोड्या पाण्यातला मोठ्या खवल्यांचा दांडगा मासा) लागत नाही म्हणून कुणी चाऱ्याला दोष देतं, कुणी रॉडला. माझ्या मते गडबड जागेत आहे. गाडी जिथवर जाते तिथंच आपण बसतो, तिथला काठ उथळ असतो, मग तिथून जीव खाऊन मध्यात लांब फेकतो आणि तिथं खाली नुसता सपाट गाळ. मोठा मासा या दोन्ही ठिकाणी फारसा थांबत नाही. तळ जिथं एकदम खाली उतरतो त्या कडेला तो असतो, आणि ती कडा पाण्यावरून दिसत नाही म्हणून आधी शोधून ठेवावी लागते.

यूट्यूबवर स्कॉटलंडच्या खोल तळ्यांतल्या फेरॉक्स ट्राउटचे व्हिडिओ बघून बरेच जण विचारतात की महाबळेश्वरच्या गार पाण्यात ट्राउट सोडली तर? जमणार नाही, ट्राउटला बारा महिने गार पाणी लागतं, पाणी बराच काळ 20 डिग्रीच्या वर राहिलं की तिला त्रास सुरू होतो, म्हणून आपल्या देशात ती काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नारकडच्या उंच थंड पाण्यातच टिकलीय. पण त्या लोकांची पद्धत मात्र शिकून घेण्यासारखी आहे. फेरॉक्स म्हणजे तिथली ब्राउन ट्राउटच, लहान असताना किडे-अळ्या खाते, अंगानं वाढली की मासे खायला लागते आणि खोल पाण्यात आर्क्टिक चार नावाच्या माशाच्या थव्यामागं हिंडते, म्हणून ते लोक आधी थवा कुठं आहे आणि किती खोल आहे ते बघतात, गळ नंतर. आपल्या महाशीरला हेच लागू करायचं. महाशीर तसा सगळंच खातो, पाण्यात पडलेली फळं, शेवाळ, शंख, खेकडे, पण मोठा झाला की बारक्या माशांचा थवा जिथं तिथं तो. त्याच्या जबड्यात दात नसतात, दात घशात असतात आणि त्यांनीच तो खेकड्याचं कवच फोडतो.

जाण्याआधी परवानगीचं बघा. धरणातली मासेमारी ठेक्यानं दिलेली असते, बऱ्याच ठिकाणी मच्छीमार सहकारी सोसायटीकडं, तेव्हा गळ टाकायच्या आधी त्यांना आणि साताऱ्यातल्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या ऑफिसात विचारायचं, महाशीर धरायचा सध्याचा नियम काय तेही तिथंच विचारून घ्यायचं. कोयनेचं शिवसागर नाहीतर चांदोलीचं वसंतसागर बघून हात शिवशिवतात हे मला कळतं, पण कोयना अभयारण्य 1985 पासून आहे, चांदोली राष्ट्रीय उद्यान 2004 ला झालं आणि 2010 मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तिथल्या हद्दीत गळ घेऊन शिरायचंच नाही. आणि कुठल्याही धरणाची भिंत, सांडवा, पाणी सोडायचे दरवाजे यांच्या आसपास फिरकायचं नाही.

आता मुद्द्याचं. महाशीरची खरी मोहीम मे महिन्यात सुरू होते आणि तेव्हा रॉड घरीच ठेवायचा. मे मध्ये पाणी पार खाली गेलेलं असतं, एरवी बुडालेलं सगळं उघडं पडतं, जुनी नदी कुठनं वळत होती, ओढा कुठं येऊन मिळत होता, बुडालेल्या शेतांच्या दगडी ताली, जुन्या रस्त्याचा भराव, विहिरीचं कठडं, खडकाचे टप्पे. सकाळी उन्हाच्या आत जाऊन काठानं चालायचं आणि प्रत्येक कामाच्या जागेचा मोबाइलवर लोकेशनसकट फोटो काढायचा. सगळ्यात जास्त लक्ष जुन्या नदीच्या वळणाच्या बाहेरच्या बाजूकडं द्यायचं, कारण पाण्याच्या माराने तिथली दरड उभी कापलेली असते, आणि ओढा नदीला मिळतो तिथल्या कोपऱ्याकडं. झाडांचे बुंधे कुठं आहेत तेही टिपून ठेवा, नंतर तिथंच गळ अडकतो. ओल्या गाळात मात्र पाय घालू नका, वरून वाळून भेगाळलेला दिसतो आणि आत माणूस कमरेपर्यंत रुततो.

फोटोसोबत त्या दिवशीची धरणाची पाणीपातळी लिहून ठेवायची, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि हीच लोक विसरतात. पाटबंधारेवाल्यांकडं रोजची पातळी मीटरमध्ये असते, नुसता साठ्याचा (टीएमसीचा) आकडा घेऊन उपयोग नाही. समजा मे मधली पातळी आणि दिवाळीनंतरची पातळी यात 12 मीटरचा फरक पडला, तर मे मध्ये जो खडक बरोबर पाण्याच्या रेघेला होता तो आता 12 मीटर खाली आहे, आणि जो तेव्हा रेघेच्या 7 मीटर वर दिसत होता तो आता 5 मीटर खाली. एवढा हिशोब जमला की फिशफाइंडर (खोली आणि मासे दाखवणारं यंत्र) नसला तरी चालतं, काठावर उभं राहून तुम्हाला सांगता येतं की समोर वीस पावलांवर 5 मीटर पाणी आहे आणि त्याच्या पलीकडं सरळ खोल.

आता किती खोल टाकायचं. फेब्रुवारी सरला की वरचं पाणी तापत जातं, खालचं गार राहतं आणि दोन थर पडतात. मे महिन्यात विहिरीत उडी मारली की वर कोमट आणि पायाला एकदम गारठा लागतो ना, अगदी तसंच. हे दोन थर एकमेकांत मिसळत नाहीत, खालच्या थराला वरची हवा मिळत नाही, तळाला पाला कुजत असतो, त्यामुळं तिथला ऑक्सिजन हळूहळू संपत जातो आणि मासा तिथं थांबू शकत नाही. म्हणून पाणी 30 मीटर आहे म्हणून 30 मीटरवर गळ सोडायचा हा विचारच सोडून द्या. उन्हाळ्यात मासा वरच्या थरात नाहीतर दोन थरांच्या मधल्या पट्ट्यात असतो. थंडीत वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, थर मोडतात, सगळीकडं हवा पोचते आणि मासा कडेकडेनं वरखाली फिरायला मोकळा होतो.

म्हणून माझ्या लेखी ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ खरा. जून ते सप्टेंबर महाशीर अंडी घालायला वाहत्या पाण्याकडं चढतो, तेव्हा ओढ्याच्या तोंडाशी गळ टाकून बसणं म्हणजे पोटुशीच्या वाटेवर बसणं, ते करू नये. एप्रिल-मे मध्ये पाणी तापलेलं असतं, झुंज देऊन दमलेला मासा सोडला तरी जगेलच असं नाही. थंडीत पहाटे फटफटायच्या आधी जागेवर पोचायचं, ऊन वर आलं की तासा-दोन तासांत खेळ थंडावतो, परत संध्याकाळी. आणि वारा ज्या काठावर येऊन आपटतो तो काठ धरा, बसायला त्रास होतो, तोंडावर पाणी उडतं, पण वरचं खाद्य वाऱ्यानं तिकडं ढकललं जातं, बारके मासे त्याच्यामागं आणि मोठा त्यांच्यामागं.

सामानाचं थोडक्यात सांगतो. 8 ते 9 फुटी मजबूत स्पिनिंग रॉड, 4000 किंवा 5000 साइजचं रील, 30 पौंडाची ब्रेड (विणलेली) लाइन किमान 200 मीटर, आणि पुढं दीड-दोन मीटर 40 पौंडाचा जाड तंगूस, कारण खडकाला घासली की ब्रेड सुतासारखी तुटते. 20 ते 30 ग्रॅमचे स्पून (चमच्यासारखा धातूचा खोटा चारा), दोन-तीन खोल जाणारे प्लग (माशाच्या आकाराचा खोटा चारा). या ल्यूरला, म्हणजे खोट्या चाऱ्याला, आलेले स्वस्तातले तीन तोंडी हुक काढून टाका, महाशीर तोंड दाबतो तेव्हा ते चेपतात, त्याजागी एकच जाड सिंगल हुक लावा आणि त्याचा उलटा काटा पकडीनं दाबून टाका, सोडताना माशाचे हाल होत नाहीत. ड्रॅग (किती ताणावर लाइन सुटेल ते ठरवणारा रीलचा ब्रेक) अंदाजानं लावू नका, ताणकाटा लाइनला लावून ओढून बघा, 30 पौंडाच्या लाइनला साडेतीन-चार किलोवर सुटायला पाहिजे.

आता फेकायचं कसं, इथं जरा सावकाश वाचा. पाण्याकडं तोंड करून सरळ मध्यात फेकला की स्पून कडेवरून फक्त एकदा आडवा जातो. त्यापेक्षा काठाला तिरकं, जवळजवळ समांतर फेका, म्हणजे परत येताना तो सगळा वेळ त्या उताराच्या अंगानंच येतो. स्पून पाण्यात पडला की मनात आकडे मोजायला सुरुवात करायची आणि लाइनवर नजर ठेवायची, तळाला टेकला की ताणलेली लाइन एकदम ढिली पडते. समजा 10 ला टेकला, तर पुढच्या फेकीला 8 ला ओढायला सुरुवात, मग 6 ला, मग 4 ला. असे सगळे थर झाडून झाले की चार पावलं पुढं सरकायचं. ज्या आकड्याला धक्का बसला तो आकडा धरून ठेवा, त्या सकाळी बाकीचे मासेही बऱ्याचदा तेवढ्याच खोलीवर असतात. ओढताना एका लयीत ओढू नका, चार-पाच वेळा हँडल फिरवा, थांबा, स्पूनला गिरक्या घेत खाली पडू द्या. मासा बहुतेक वेळा त्या पडतानाच घेतो, आणि तेव्हा झटका वगैरे काही बसत नाही, 10 ला टेकणारी लाइन 6 लाच थांबते. थांबली की लगेच रॉड उचलून झटका मारायचा.

ज्यांना बसूनच गळ टाकायचाय त्यांनी नाचणी वापरा. नाचणीचं पीठ उकळत्या पाण्यात घालून उकड काढायची, थोडी शेंगदाण्याची पेंड मिसळून कडक मळायची, लिंबाएवढे गोळे करून परत उकळत्या पाण्यात सोडायचे, पार रबरासारखे होईपर्यंत. मऊ गोळा चिलापी दोन मिनिटांत कुरतडून संपवते, हा दोन-अडीच तास टिकतो. तळाला गाळ असेल तिथं टाकू नका, खडकाच्या टप्प्यावरच.

लागल्यावर पहिली धाव अडवायची नाही. महाशीर सरळ खाली खडकाकडं पळतो, तेव्हा घाबरून ड्रॅग आवळला की संपलं. रॉड आडवा धरून बाजूला ताण द्या आणि काठानं त्याच्यासोबत चाला. सांगली भागात, भिलवडी, औदुंबरकडच्या कृष्णेत जे हेच करायला जातील त्यांनी पाण्यात उतरून उभं राहायचं नाही, तिथं मगरी आहेत, काठापासून दोन-तीन मीटर मागं उभं राहूनच खेळवायचा आणि लांब दांड्याच्या जाळीनं घ्यायचा.

मासा वर ओढून मातीत टाकू नका. हात आधी ओले करा, जाळी पाण्यातच ठेवा, हुक पाण्यातच काढा, कल्ल्यात बोटं घालून उचलू नका. फोटो पाहिजे तर कुणीतरी मोबाइल तयार ठेवायचा, एका श्वासात होईल तेवढाच वेळ वर. मग दोन्ही हातांनी पोटाखालून आधार देऊन सरळ धरा, स्वतः शेपटी मारून निघून जाईपर्यंत सोडायचा नाही. मोठे महाशीर बहुतेक माद्या असतात आणि हा मासा सावकाश वाढतो, पाच-सात किलोचा मासा व्हायला कितीतरी पावसाळे गेलेले असतात. रायगडच्या वाळणकोंडीला देवाचे मासे म्हणून डोहातले महाशीर लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेत. आपल्याकडं मात्र काही जण जिलेटीन टाकतात, बॅटरीचा करंट लावतात, ब्लीचिंग पावडर ओततात, एका दणक्यात अख्ख्या डोहाची पिल्लं मरतात. असं दिसलं तर जवळ जाऊन भांडू नका, लांबून व्हिडिओ काढा आणि सोसायटी, मत्स्य विभाग, पोलीस तिघांनाही कळवा.

घरी खायला न्यायचं असेल तर चिलापी न्या, पाहिजे तेवढी न्या, ती बाहेरून आलेली आहे आणि बेसुमार वाढलीय. हळद-मीठ-लसूण लावून तव्यावर कडक तळली की भाकरीबरोबर झकास लागते.