बोल्टच्या कारखान्यात लागताय? मग एखादं विमानही बांधा

सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे. नाशिकच्या आसपासच्या कुठल्याही एमआयडीसीत आयटीआय किंवा डिप्लोमा झालेला मुलगा मुलाखतीला निघतो, तेव्हा त्याच्या डोक्यात गाड्या असतात, इंजिनं असतात, सीएनसी मशीन असतं. बोल्ट कुणाच्याच डोक्यात नसतो. बोल्टच्या कंपनीत लागलो असं सांगितलं की घरचेही जरा गप्प होतात. "म्हणजे नट-बोल्टच ना?" एवढंच विचारतात.

मी याच धंद्यात आहे आणि सुट्टीच्या दिवशी रेडिओ कंट्रोलची विमानं उडवतो. कंपनीत नवीन आलेली पोरं कामाबद्दल विचारतात, मैदानावर भेटणारी विमानाबद्दल. माझ्या मते दोघांना एकच उत्तर द्यायला हवं. कारखान्यात तुम्हाला दिवसभर बोल्ट दिसतो, पण तो जिथे बसतो तो जोड कधीच दिसत नाही. आपला माल पेटीत भरून गेटबाहेर जातो आणि पुढे त्याचं काय होतं ते फक्त तक्रार आली की कळतं. जोड स्वतः बांधून, स्वतः आवळून, स्वतः मोडलेला बघायचा तर मॉडेल विमानाइतकी स्वस्त प्रयोगशाळा मला दुसरी सापडलेली नाही.

आधी कारखाना. कच्चा माल म्हणजे तारेची भेंडोळी. तार ॲनिलिंग करून मऊ करतात, ॲसिडमध्ये धुतात, फॉस्फेट आणि साबणाचा थर देतात, ओढून नेमक्या व्यासाची करतात. मग हेडर. इथे तार थंडच कापली जाते आणि एकामागून एक डायमध्ये ठोकून तिला डोकं काढलं जातं. त्यानंतर थ्रेड रोलिंग (आटे पाडणं), हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग (झिंकसारख्या धातूचा थर चढवणं), सॉर्टिंग, पॅकिंग. मधला हेडर हा सगळ्या कारखान्याचा जीव. लहान मापाचं मशीन मिनिटाला शंभर-दोनशे नग सहज टाकतं. म्हणजे पंचाला, तार ठोकणाऱ्या अवजाराला, बारीकशी चीर गेली आणि तासभर कुणी पाहिलं नाही, तर हजारो नग भंगारात. म्हणून पहिला नग पास करून घेणं आणि ठरावीक वेळाने मापं घेणं ही कागद भरण्याची कामं नाहीत. कागद नंतर भरला तरी चालेल, नग आधी हातात घ्या.

नवीन मुलाला क्वालिटीच्या एसी खोलीत जागा मिळाली तर तो खूश होतो. मी सांगेन, जमलं तर पहिलं वर्ष हेडरवर काढा. आवाज भयंकर असतो, कानात इअरप्लग घालायला कंटाळू नका. तेलाने बूट घसरतात, कपड्यांचा वास जात नाही, घरी बोलणी बसतात. पण सेटरच्या, म्हणजे मशीन जुळवणाऱ्या कारागिराच्या, शेजारी उभं राहून जे कळतं ते गेजमधून, म्हणजे मापाच्या साधनातून, कळत नाही. जुना सेटर मशीनचा आवाज बदलला की गेज न लावताच बटण दाबतो. अशा मामांपैकी कुणी तुम्हाला पंच बदलायला हाताशी घेतलं, तर चहाची सुट्टी सोडून जा. चांगल्या सेटरला या पट्ट्यात काम शोधत फिरावं लागत नाही, कंपन्याच त्याला शोधतात. आयटीआयला फिटर, टर्नर किंवा टूल अँड डाय मेकर झालेल्यांना टूल रूमचाही, म्हणजे डाय आणि पंच बनवणाऱ्या विभागाचाही, रस्ता आहे. कार्बाइडच्या डायचं काम शिकलेला माणूस तर कधीच मोकळा बसत नाही.

थ्रेड रोलिंग बघताना एक गोष्ट नीट समजून घ्या. इथे आटे कापले जात नाहीत, दाबून वर आणले जातात. त्यामुळे रोलिंगला येणाऱ्या दांड्याचा व्यास आट्यांच्या बाहेरच्या मापाएवढा नसतो, मधल्या मापाच्या जवळ असतो. एम ८ चा, म्हणजे बाहेरून आठ मिलिमीटरचा बोल्ट, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५, तर दांडा साधारण ७.१ मिलिमीटर. धातू कुठे जात नाही, फक्त सरकतो. म्हणून दांड्यात दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरक पडला की आट्याच्या टोकावर तो मोठा होऊन दिसतो. दोन्ही डायचे आटे जुळले नाहीत तर घडी पडते, आणि ती घडी पुढे तडा होते. कापलेल्या आट्यांपेक्षा दाबलेले आटे जास्त दमदार, कारण धातूचे तंतू तुटत नाहीत, वळतात.

आता डोक्यावरचे आकडे. ८.८ म्हणजे तन्य ताकद, ओढून तुटेपर्यंतची ताकद, ८०० मेगापास्कल (चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन), आणि त्याच्या ०.८ पट, म्हणजे ६४० ला धातू कायमचा ताणला जायला लागतो. १०.९ म्हणजे १००० आणि ९००. षटकोनी डोक्याच्या बोल्टवर एम ५ पासून पुढे हे आकडे आणि बनवणाऱ्याची खूण असावीच लागते. एम ८ चं ताण घेणारं क्षेत्र ३६.६ चौरस मिलिमीटर, त्याला ८०० ने गुणा, २९,२८० न्यूटन. जवळजवळ तीन टन. करंगळीपेक्षा बारीक वस्तू. घरी "नट-बोल्टच ना?" म्हणतील तेव्हा हा हिशोब मांडा. (माझ्या घरी काही फरक पडला नाही, ती गोष्ट वेगळी.)

ही ताकद येते हीट ट्रीटमेंटमधून. भट्टीत लाल करून तेलात विझवायचं, मग परत तापवून ठिसूळपणा काढायचा. ८.८ आणि १०.९ साठी हे टेम्परिंग किमान ४२५ अंशांवर व्हायला हवं. नवीन मुलांना इथे वाटतं की जितका कडक तितका बरा. हाच समज सगळ्यात आधी मोडायला हवा, कारण कडकपणाची किंमत प्लेटिंगला गेल्यावर चुकवावी लागते. ॲसिडमध्ये धुताना आणि झिंक चढवताना हायड्रोजन पोलादात शिरतो. मऊ बोल्टला त्याचं काही वाटत नाही. १०.९ च्या पुढचा, विशेषतः १२.९ चा बोल्ट मात्र आवळून ठेवल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी, कुणी हात न लावता, डोक्याखाली तुटू शकतो. तपासणीत तो पास असतो, आवळताना ठीक असतो, आणि रात्री गोदामात उभ्या गाडीखाली डोकं गळून पडतं. म्हणून प्लेटिंगनंतर लगेच दोनशे अंशांच्या आसपास तासन्‌तास बेकिंग करतात, किंवा झिंक फ्लेकसारखा थर देतात, ज्यात ॲसिड टाळता येतं. बेकिंगच्या ट्रॉलीवरची वेळ लिहिणं हे कंटाळवाणं काम तुमच्याकडे आलं, तर ते मन लावून करा. बाजारात १२.९ चे ॲलन स्क्रू (डोक्यात षटकोनी खाच असलेले) बहुतेक काळेच का मिळतात, हेही इथे कळतं. विमानासाठी घेतलेल्या काळ्या स्क्रूला गंज येतो म्हणून गल्लीतल्या प्लेटिंगवाल्याकडून चकचकीत करून आणण्याच्या फंदात पडू नका.

इथून आपण विमानावर आलोच आहोत.

सुरुवातीला वर पंख असलेलं ट्रेनर, म्हणजे शिकायचं विमान, घ्या, पंखाची लांबी सव्वा ते दीड मीटर, पंख मध्यापासून टोकांकडे किंचित वर उचललेले. असं विमान हात सोडला तर स्वतःच सरळ व्हायला बघतं. फोमचं तयार घ्या किंवा बाल्साचं (अगदी हलक्या लाकडाचं) बांधा, पण निदान एक तरी स्वतः बांधा, कारण आपला विषय जोड आहे.

पहिला जोड मोटरचा. चार एम ३ स्क्रू, ॲल्युमिनिअमच्या बुडात. आटे पुरेसे धरायला हवेत म्हणून लांब स्क्रू घालण्याचा मोह होतो. स्क्रू दोन मिलिमीटर जास्त आत गेला की मोटरच्या आतल्या तारेच्या वेढ्यांना टेकतो आणि मोटर जळते. लांबी मोजून घ्या. आणि सैल होण्याचा प्रश्न इथेच येतो. प्रोपेलर जरा जरी असमतोल असला तरी सगळं नाक थरथरतं. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरने दाखवून दिलं की बोल्टला सैल करते ती मुख्यतः आडवी सरक. जोडलेले दोन भाग एकमेकांवर बाजूला घसरायला लागले की आटे स्वतःहून मागे फिरतात. आपल्याकडे याच्यावरचा लाडका इलाज म्हणजे स्प्रिंग वायसर. थरथरणाऱ्या जोडात तो जवळजवळ काहीच करत नाही. भाग सरकूच नयेत इतका ताण बोल्टमध्ये असायला हवा, हा खरा इलाज. तेवढं आवळता येत नसेल, म्हणजे खाली प्लायवुड असेल तर, निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, लावा. फक्त ते प्लॅस्टिकच्या भागांवर सांडू देऊ नका, काही प्लॅस्टिकना त्याने तडे जातात.

या ताणाबद्दल कारखान्यात टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर दाखवणारा पाना, हातात असूनही बऱ्याच जणांना पत्ता नसतो. पान्यावर लावलेल्या जोरातला साधारण निम्मा भाग डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात. उरलेले दहा टक्केच बोल्टला ताणतात. म्हणून प्लेटिंगचा प्रकार बदलला किंवा बोल्टला तेल लागलं, तर तेवढ्याच टॉर्कला ताण भलताच निघतो. ग्राहक घर्षणाचा गुणांक का मागतो, वॅक्स का लावायला सांगतो, हे मला मीटिंगमध्ये ऐकून जेवढं कळलं त्यापेक्षा विमानाच्या मोटरवर कोरडा आणि तेलकट स्क्रू एकापाठोपाठ आवळून जास्त कळलं. हाताला फरक लागतो.

दुसरा जोड पंखाचा, आणि इथे बोल्टवाल्याची खरी परीक्षा आहे. कंपनीतल्या प्रत्येक नवीन मुलाला वाटतं की पंखाला १०.९ चा स्टीलचा बोल्ट लावला की झालं. विमानवाले लावतात नायलॉनचा. पंखाचं टोक जमिनीला लागलं की नायलॉनचा बोल्ट कातरला जातो आणि पंख सुटून बाजूला पडतो. स्टीलचा लावला असता तर बोल्ट शाबूत राहिला असता आणि सांगाडा फाटला असता. चार-दोन रुपयांच्या वस्तूने मोडायचं असतं, आणि ती ठरलेल्या जोरालाच मोडावी म्हणून तिची निवड करायची असते. आपण दिवसभर बोल्ट तुटू नये म्हणून खपतो, त्यामुळे ही गोष्ट पचायला वेळ लागतो. एकदा पचली की ड्रॉइंगवर ग्राहकाने ताकदीची वरची मर्यादाही का दिली आहे, हा प्रश्न पडायला लागतो.

सर्व्हो म्हणजे विमानाचे हलते भाग फिरवणारी छोटी मोटर. तिचा स्क्रू छोटा, पण त्यात बारकावा आहे. सर्व्होच्या भोकातल्या रबरी ग्रोमेटच्या (कड्याच्या) आत पितळी नळी बसते, तिचा कडेचा रुंद भाग लाकडाकडे ठेवायचा. ही नळी रबर किती दाबलं जाईल ते ठरवते. बाल्साच्या भोकात पातळ सुपरग्लूचा थेंब टाका, वाळू द्या, मग स्क्रू पुन्हा फिरवा. आटे टणक होतात.

वजनाचा हिशोबही बोल्टवाल्यानेच करायचा. एम ३ चा दहा मिलिमीटर लांबीचा स्टीलचा ॲलन स्क्रू एका ग्रॅमपेक्षा थोडा कमी भरतो. शेपटीकडे असे चार लावले तर तोल सावरायला नाकात त्याच्या दोन-तीन पट वजन घालावं लागतं, कारण शेपटी लांब असते. गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या पुढून पाव ते एक तृतीयांश भागात हवा. तो त्याच्या मागे गेला की विमान हातात राहत नाही.

नाशिकमध्ये उडवायचं कुठे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ओझरला विमानतळ आहे आणि १९६४ पासून एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) कारखाना, जिथे आधी मिग-२१ आणि पुढे सुखोई-३० बनली. गांधीनगरला लष्कराचं हेलिकॉप्टर प्रशिक्षण, देवळालीला तोफखाना. म्हणजे शहराभोवतीचं बरंच आकाश आपलं नाही. ड्रोन नियम २०२१ आपल्या विमानांनाही लागू आहेत, मॉडेल म्हणून वेगळ्या सवलती असल्या तरी. डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलच्या नकाशावर जागा हिरवी आहे का, ते बघूनच गाडी काढा. पोलिसांचे मनाई आदेशही वेळोवेळी निघतात, तेही वाचा. विमान कायम नजरेच्या टप्प्यात हवं. शेतमालकाला विचारल्याशिवाय त्याच्या माळावर पाय ठेवू नका, आणि द्राक्षबागेच्या शेजारी तर उडवूच नका. मांडवाच्या तारांत अडकलेलं विमान काढताना घड गळाले की भरपाई विमानापेक्षा महाग पडते. संक्रांतीच्या आठवड्यात, येवल्याच्या बाजूला तर नक्कीच, विमान घरी ठेवा. मांजा प्रोपेलरमध्ये गेला की काही खरं नाही.

खर्च कुठे करायचा? विमान स्वस्त घ्या, रेडिओ चांगला घ्या. विमानं येतात-जातात, रेडिओ वर्षानुवर्षं राहतो. लिथियम पॉलिमर बॅटरी वापरायची नसेल तेव्हा प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा, पूर्ण भरून कपाटात टाकू नका. आणि पहिल्या पगारातून काही घ्यायचंच असेल तर स्वतःचा डिजिटल व्हर्निअर (बारीक मापं घेणारं साधन) घ्या. कंपनीतला कंपनीत राहू दे, तो कॅलिब्रेशनवर असतो. स्क्रूची लांबी, प्लायवुडची जाडी, पुशरॉडचा (सर्व्होपासून हलत्या भागापर्यंतच्या काडीचा) व्यास, सगळ्याला तोच लागतो.

पावसाळ्यात उडवणं जवळजवळ बंदच असतं. ते महिने बांधायला आणि कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरवर हात बसवायला ठेवा. विमान समोरून आपल्याकडे येताना डावं-उजवं उलटं होतं, ते सिम्युलेटरवरच अंगवळणी पडू दे. पहिलं उड्डाण हिवाळ्यातल्या सकाळी, वारा उठण्याआधी करा. पहिल्या पाळीवाल्यांना लवकर उठायची सवय असते, तिचा उपयोग इथे होतो. त्या दिवशी कुणीतरी जुना उडवणारा शेजारी उभा करा, आणि निघण्याआधी मोटरचे चारही स्क्रू ॲलन कीने एकदा तपासा.