या चुका टाळा: ग्राइंडरला लोकरीचं पॅड लावलं म्हणून तो पॉलिशर होत नाही

गाडीच्या रंगावरची जाळी, म्हणजे बारीक ओरखडे, काढायला मशीन कोणतं घ्यावं, हे विचारायला येणाऱ्या पोरांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, सगळ्यात लवकर काम कशानं होतं?" चुकीची सुरुवात इथूनच होते. मशीन किती जोरात फिरतं ते विचारू नका, किती हळू फिरू शकतं ते विचारा.

मागच्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, जालन्याचा एक पोरगा काळी सेडान घेऊन माझ्याकडे आला. गाडी गिऱ्हाइकाची होती आणि दुसऱ्या दिवशी नवरदेव तिच्यात बसणार होता. पॉलिशरचे पैसे वाचवायला त्यानं वेल्डिंगवाल्याच्या चार इंची ग्राइंडरला अडॅप्टर लावून लोकरीचं पॅड चढवलं होतं. बॉनेटच्या मधोमध चमक आली, हुरूप चढला आणि तो कडेच्या उंच रेघेवर गेला. तिथं रंग मुळातच पातळ बसलेला असतो. बघता बघता क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, गेला, पॅड काळं झालं आणि बोटभर लांबीचा राखाडी प्रायमर उघडा पडला. "भाऊ, काहीतरी लावून झाका ना," एवढंच तो म्हणत होता. झाकायला काही नसतं. अख्खं बॉनेट रंगवावं लागलं, नवरदेव दुसऱ्या गाडीत गेला आणि त्या पोराची हंगामाची कमाई पेंटरला गेली. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण ही गोष्ट त्याला आधी कुणी सांगितलीच नव्हती.

चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. रोटरी पॉलिशर साधारण ६०० पासून सुरू होतो आणि ३,००० च्या आसपास थांबतो. कंपनीतून आलेल्या गाडीचा क्लिअर कोट असतो सुमारे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. उन्हापासून रंग वाचवणारा थर तोच. आपण ओरखडे 'काढतो' म्हणजे तोच थर घासून खाली आणतो.

रोटरीसुद्धा नवख्यानं पहिलं मशीन म्हणून घेऊ नये. ती एकाच आसावर फिरते, उष्णता एका जागी साठते आणि हात जरा तिरका झाला की रंगावर होलोग्राम, म्हणजे चमकत्या वळणदार रेघा, उमटतात. सावलीत दिसत नाहीत. गिऱ्हाईक उन्हात गाडी उभी करतं तेव्हा सगळं उघडं पडतं. ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे डीए, फिरताना घोळतेही. जास्त दाबलं की फिरणं थांबतं, त्यामुळे चूक पचते. गिअरवर फिरणारी डीए दाबली तरी थांबत नाही. जुन्या, पांढरट पडलेल्या रंगावर तिचा उपयोग होतो, पण हात बसल्यावर.

आता थ्रो, म्हणजे पॅड घोळताना घेतं त्या वर्तुळाची रुंदी. डीएमध्ये ८, १५ आणि २१ मिलिमीटर थ्रो मिळतो आणि सगळ्यांना २१ च पाहिजे असतो. सपाट छतावर, मोठ्या बॉनेटवर तो झपाझप चालतो. बंपरच्या गोलाईवर, दाराच्या हँडलपाशी, छत पेलणाऱ्या पिलरवर मात्र पॅड नुसतं थरथरतं. पोरं आणखी दाबतात, घाम गाळतात आणि मशीनला नावं ठेवतात. माझं मत स्पष्ट आहे: पहिली घ्या १५ थ्रोची, पाच इंची प्लेटची (पॅड चिकटतं ती प्लेट). पैसे जमले की दुसरी घ्या तीन इंची छोटी. प्लेटच्या कडेला मार्करनं एक जाड रेघ मारा. रेघ फिरताना दिसत असेल तर काम चालू आहे. थांबली तर दाब कमी करा. पंधरा वर्षांत मी ही रेघ मारल्याशिवाय मशीन हातात घेतलेलं नाही.

वॅट बघून मशीन घेऊ नका. वजन बघा, छतावर तासभर धरायचं असतं.

एकाच पॅडवर गाडी उरकू नका. सहा तरी ठेवा आणि प्रत्येक भागानंतर ब्रशनं झाडा.

आपल्याकडे धूळ बारीक आणि बोअरचं पाणी जड. न धुता, क्ले (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) न फिरवता मशीन लावलं की तीच धूळ पॅडखाली सँडपेपर होते. धुतल्यावर गाडी लगेच पुसा, नाहीतर क्षाराचे डाग बसतात.

मे महिन्यात दुपारी काम करू नका. तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, लगेच सुकतं, पॅड मधून तापतं आणि वेल्क्रो सुटतं. मी पहाटे साडेपाचला सुरू करतो, दहाला थांबतो.

सुरुवात नेहमी दोन फुटी चौकोनावर, मऊ पॅड आणि हलक्या पॉलिशनं करा. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून बघा, कारण पॉलिशचं तेल ओरखडे लपवतं आणि दोन धुण्यांत ते परत दिसतात. जुनी गाडी असेल तर आधी जाडी मोजायचं मीटर लावा. एक दार १२० मायक्रॉन आणि शेजारचं ३०० दाखवत असेल तर ३०० वालं पुन्हा रंगवलेलं आहे. आकडा मोठा दिसतो म्हणून तिथं जोर करू नका. त्यात लांबी (खड्डे भरायची पुट्टी) आणि प्रायमरही मोजलेला असतो.