कोकणच्या हवेत जुना पोलरॉइड: या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार होती. मालवणजवळच्या आमच्या घरी आजी मागच्या पडवीत रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसली होती. बोटं लालभडक, कपाळावर घाम, बाजूला बियांची रास. मी जुना पोलरॉइड ६०० उचलला, बटण दाबताच छापील फोटो बाहेर टाकणारा कॅमेरा, आणि फोटो काढला. पंधरा मिनिटांनी जे वर आलं ते सगळं पिवळट-नारिंगी होतं. रातांब्यांचा लाल आणि लुगड्याचा हिरवा, दोन्ही त्यात बुडून गेले होते. आजीने तो फोटो डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, "ह्यात मी खंय आसंय रे?"

कॅमेरा बिघडला असं धरून मी तो दुरुस्तीला द्यायला निघालो होतो. त्यात काहीच बिघडलं नव्हतं. आज मिळणारी पोलरॉइड फिल्म १३ ते २८ अंश सेल्सिअसमध्ये नीट उमटते, आणि आमच्या पडवीत त्या दिवशी ३४ अंश होतं. तेव्हापासून कोणी वाया गेलेले फोटो दाखवले की मी कॅमेऱ्याकडे शेवटी बघतो. आधी विचारतो: कुठे काढलास, किती वाजता काढलास आणि फिल्म कुठे ठेवली होतीस?

फिल्म घेतानाच होणारी चूक

जुने कॅमेरे दोन जातीचे हाती लागतात. एक १९७२ साली आलेला, घडी होणारा एसएक्स-७०. दुसरा १९८१ पासूनचा, डब्यासारखा ६००. पोलरॉइडने फिल्म बनवणं थांबवत असल्याचं २००८ मध्ये जाहीर केलं. नंतर नेदरलँड्समधल्या एन्स्केडेच्या कारखान्यातली यंत्रं काही मंडळींनी विकत घेतली आणि २०१० पासून नवी फिल्म पुन्हा बाजारात आली. म्हणजे कॅमेरा जुना चालेल, फिल्म मात्र ताजी हवी. कोणाच्या कपाटात २००८ च्या आधीचा पॅक सापडला तर तो आठवण म्हणून ठेवा. त्यातली बॅटरी संपलेली असते आणि रसायन सुकलेलं.

या कॅमेऱ्यांना स्वतःची बॅटरी नाही, ती पॅकच्या तळाशी असते. म्हणून 'आय-टाइप' लिहिलेला स्वस्त पॅक घेऊ नका. तो नव्या, चार्ज होणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी आहे आणि त्यात बॅटरीच नसते. जुन्या कॅमेऱ्यात घातला की काहीच हलत नाही, आणि माणूस कॅमेऱ्याला दोष देतो. एसएक्स-७० मध्ये ६०० चा पॅक घालायचा मोहही टाळा. एसएक्स-७० ची फिल्म साधारण १६० आयएसओची, ६०० ची ६४० ची; हा आकडा जितका मोठा तितका फिल्मला उजेड कमी पुरतो. दोन स्टॉपचा, म्हणजे चौपट उजेडाचा फरक पडतो आणि फोटो पांढराफटक येतो. घालायचाच असेल तर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावावा लागतो.

आणखी एक गोष्ट पहिल्या पॅकला सगळ्यांना चकवते. जुन्या पॅकमध्ये १० फोटो असत, आताच्या पॅकमध्ये ८ असतात. कॅमेऱ्यावरचा आकडा १० पासूनच उतरतो, म्हणून तो २ वर आला की पॅक संपला समजा. मध्येच 'किती उरले' हे पाहायला दार उघडू नका. वरच्या फिल्मला उजेड लागतो आणि दार मिटताच कॅमेरा ती बाहेर फेकतो.

उकाडा

या सगळ्यात जास्त फोटो उकाड्यामुळे वाया जातात. कॅमेऱ्याचे सगळे सल्ले थंड देशात लिहिलेले आहेत. 'फोटो निघाला की कोटाच्या आतल्या खिशात ठेवा' हे तिथे बरोबर, कारण तिथे तो गारठतो. आपल्याकडे खिशातला घाम आणि अंगाची ऊब त्याला आणखी पिवळा करते.

फिल्म फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये कधीच नको. रसायन गोठलं की पॅक गेला. पॅक काढल्यावर लगेच फोडूही नका. आपल्या दमट हवेत थंड वस्तूवर पाणी धरतं, हे ताकाच्या ग्लासावर रोज दिसतं. चंदेरी पाकीट न उघडता तासभर बाहेर राहू द्या. थेट फ्रिजमधून काढून वापरलेल्या फिल्मचे फोटो फिके आणि निळसर येतात. तेव्हा ओळखायची खूण सोपी आहे: पिवळा-लालसर म्हणजे गरम झाली, निळसर म्हणजे गार राहिली.

मुंबईहून गाडीने येणाऱ्यांची ठरलेली चूक म्हणजे कॅमेरा डॅशबोर्डवर किंवा पॅक डिकीत. महाडपर्यंत येईतो ती फिल्म भाजून निघते. जेवणाचा डबा ठेवायची जाड पिशवी घ्या, त्यात थंड पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून ठेवा आणि बाजूला पॅक. बर्फ थेट लावू नका.

मी आता मार्च ते मे सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतरच कॅमेरा बाहेर काढतो. फोटो निघाला की तो पालथा करून कोब्यावर किंवा सारवलेल्या जमिनीवर ठेवतो. आपल्या घरांतली ही जमीन भर दुपारीही पायाला गार लागते, आणि फोटोला तेच हवं असतं. पालथा ठेवायचं कारण वेगळं आहे: बाहेर पडतानाचे पहिले काही सेकंद फिल्म उजेडाला नाजूक असते, उन्हात धरली की रंग उडतात. फोटो हलवून हलवून वाळवायचा ही सवय तर सोडाच. आतली रसायनं बंद पाकिटात असतात, त्यांना वारा लागत नाही. जोरात हलवल्याने आतले थर सुटण्याचीच भीती. रंगीत फोटोला पंधरा मिनिटं द्या, कृष्णधवल फोटोला दहा.

ऐन मे महिन्यातच, भर दुपारीच फोटो हवे असतील तर फुजीचा इन्स्टॅक्स न्या. त्याची फिल्म ५ ते ४० अंशांपर्यंत चालते. मला स्वतःला माणसाच्या कातडीचा रंग पोलरॉइडमध्येच खरा वाटतो, म्हणून मी पहाटे उठणं पत्करतो.

काळे पडलेले चेहरे

तारकर्लीच्या वाळूत बहिणीला उभं करायचं, मागे चमकता समुद्र घ्यायचा आणि बटण दाबायचं. चेहरा कोळशासारखा येणार, हे नक्की. कॅमेऱ्याचा डोळा समोरच्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो. वाळू आणि पाणी इतकं चमकतं की तो शटर लवकर मिटतो. उजेड-अंधाराची पट्टी उजेडाकडे सरकवा, किंवा माणसाचं तोंड उजेडाकडे फिरवा. अडीच मीटरच्या आत असाल तर भर उन्हातही फ्लॅश मारा.

माडांच्या बागेतली चूक याहून अवघड, कारण डोळ्यांना ती जागा फार सुंदर दिसते. झावळ्यांमधून पडलेले उन्हाचे कवडसे गालावर आले की या फिल्मवर तिथे पांढरे डाग उरतात आणि बाकी चेहरा काळा. गडद सावली आणि लख्ख ऊन ही फिल्म एकत्र पेलत नाही. माणसाला पूर्ण सावलीत घ्या.

माजघरात तर अंधारच. तिथे शटर जास्त वेळ उघडं राहतं, हात हलतो आणि चित्र फरफटतं. सगळ्यात चांगली जागा म्हणजे ओटीची कड. माणूस छपराखाली, तोंड खळ्याकडे, म्हणजे अंगणाकडे. जांभ्याची लाल भिंत मागे घेतली तर रंगही सुरेख उमटतो. आणि मळभ आलेला दिवस मिळाला तर सगळी कामं टाकून फोटो काढा. पावसाआधीचा तो सारखा, मऊ उजेड या फिल्मसाठीच असावा असं मला नेहमी वाटतं.

फ्लॅशकडून भलती अपेक्षा नको. त्याची पोच अडीच मीटरच्या आसपास. जत्रेत दशावतार बघताना मागून मारलेला फ्लॅश पुढच्या रांगेतल्यांच्या टकलांवर पडतो आणि संकासुर अंधारात राहतो. त्यापेक्षा खेळाच्या आधी मंडळी तोंड रंगवत बसलेली असतात, तेव्हा विचारून जवळून काढा. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना मात्र हा कॅमेरा घरीच ठेवा. तिथे फ्लॅश चालत नाही, आणि अनेक ६०० मध्ये तो आपोआप उडतो.

अंतर

साध्या ६०० ला १.२ मीटरच्या आत स्पष्ट दिसत नाही. आजोबांच्या भाषेत जवळजवळ तीन हात. मोबाइलच्या सवयीने आपण जवळ जातो आणि चेहरा पुसट येतो. काही मॉडेलांत जवळच्या फोटोसाठी सरकतं भिंग असतं, त्याने ०.६ मीटरपर्यंत जाता येतं. पण बघायची खिडकी भिंगाच्या बाजूला असल्याने जवळून डोकं कापलं जातं, म्हणून चारही बाजूंनी थोडी जागा सोडा. एसएक्स-७० मध्ये थेट भिंगातूनच दिसतं आणि तो २६ सेंटीमीटरपर्यंत जवळ जातो. आजीच्या रातांब्याने रंगलेल्या बोटांसाठी मला तो हवा होता.

वाळू आणि रूळ

दर फोटोवर सारख्या अंतराने ठिपके येत असतील तर दार उघडून दोन रूळ बघा. फोटो त्यांच्यामधून दाबला जातो आणि रसायन पसरतं. त्यावर सुकलेलं रसायन किंवा वाळूचा कण बसला की प्रत्येक फेरीला तिथेच डाग. पॅक संपला की, नवा घालायच्या आधी, ओलसर सुती कापडाने रूळ फिरवत पुसा. ते रसायन अंगाला झोंबतं, हात धुवा आणि लहान मुलांना फोटो कापू देऊ नका. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतानाचे फोटो काढायचे तर कॅमेरा पिशवीतून काढा, फोटो घ्या, परत पिशवीत. ओल्या वाळूवर एक क्षणही ठेवू नका. फोटो जिथून बाहेर येतो तिथे बोट येत नाही ना, हेही बघा.

पावसाळा

जून ते सप्टेंबर कॅमेरा चामड्याच्या बंद पेटीत ठेवला तर भिंगावर बुरशी धरणारच. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि आठवड्यातून एकदा उघडून वारा द्या. नवे फोटोही लगेच प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये कोंबू नका, त्यांना आतून सुकायला काही आठवडे लागतात.

पुढच्या वर्षी त्याच पडवीत मी आजीला सकाळी सात वाजता बसवलं. फिल्म तासभर बाहेर, मी तीन हात लांब, तिचं तोंड उजेडाकडे. लाल लालच आला, हिरवा हिरवा. तिला तो चुलीवरच्या भिंतीला लावायचा होता. धूर आणि ऊब लागेल म्हणून मी नको म्हटलं, तर तिने तो कापडात गुंडाळून रेशनकार्डाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. सिलिका जेलची एक पुडी मी त्यात हळूच टाकली.