टाकाऊ भरपूर, टिकाऊ किती? क्राफ्ट मेळ्यात स्टॉल लावण्याआधी या चुका टाळा

माझ्या पहिल्या स्टॉलवर एका बाईंनी रंगवलेली बाटली उचलली आणि अंगठ्याखालचा मोर सालीसारखा निघून त्यांच्या हातात आला. त्यांनी मोर आणि बाटली दोन्ही जागेवर ठेवली आणि शांतपणे पुढे गेल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्याला आता काही वर्षं झाली. इंदूरमध्ये, रामबागेपासून सुदामानगरपर्यंत, आपल्याकडच्या कितीतरी जणी घरी बसून अशा वस्तू करतात आणि दिवाळीच्या सुमाराला स्टॉल लावतात. सगळ्यांच्या तोंडी ‘टाकाऊतून टिकाऊ’ असतं, पण लक्ष सगळं पहिल्या शब्दाकडे. त्यातून हे शहर 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षं पहिलं आलेलं. ओला कचरा, सुका कचरा इथल्या पोरासोरांनाही पाठ. त्यामुळे ‘हे कचऱ्यापासून केलंय हो’ एवढ्यावर इथं कुणी पाकीट उघडत नाही. पिशवी पिशवी म्हणून चांगली हवी, मग ती कशाची आहे ते विचारतात.

बाटलीवरचा रंग निघतो

दोष बहुतेक वेळा रंगाचा नसतो, काचेवरच्या तेलकटपणाचा असतो. बाटली धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. लेबलचा डिंक तरीही चिकटून राहिला तर खोबरेल तेल आणि खायचा सोडा एकत्र करून चोळा. मग साबणानं धुवून, वाळवून, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा आणि त्यानंतर काचेला उघडी बोटं लावू नका. मी नेमकं तेच करत होते. बाटली पुसून झाली की ‘किती छान चमकतेय’ म्हणून हातात घेऊन बघायचे. आधी प्रायमर द्या, मग रंगाचे पातळ दोन-तीन हात. एकच जाड थर दिलात तर वरून वाळतो आणि आत ओला राहतो. आठवडाभर तशीच ठेवा आणि मग नखानं खरवडून पाहा. मेळ्याच्या आदल्या रात्री रंगवलेली बाटली मेळ्याला न्यायची नाही.

दोऱ्याला रॉकेल लावून पेटवून बाटली कापण्याचे व्हिडिओ बघून कुणी तो प्रयोग करू नये. कड वेडीवाकडी तुटते आणि ती गिऱ्हाइकाच्या बोटाला लागते. अख्ख्या बाटलीत बॅटरीची लायटिंग सोडली तरी ती तितकीच विकली जाते. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटलीची फुलं करून त्यात पणती ठेवायची आयडिया तर मुळीच नको. ते प्लॅस्टिक सत्तर अंशांच्या आसपासच नरम पडायला लागतं.

कागदाचा लगदा: बुरशी, भेगा, काळपटपणा

आमच्या आजीकडे लगद्याच्या टोपल्या होत्या, त्यात मेथीची पूड घातलेली असायची. ती उगीच नव्हती. भिजवलेली मेथी चिकट होते आणि लगदा बांधून धरते. आपण मात्र झटपट म्हणून मैद्याची खळ भसाभस ओततो आणि भादव्यात टोपलीवर हिरवट ठिपके आले की हवेला दोष देतो. कागद दोन-तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, वाटून घट्ट पिळा. खळ कमीत कमी वापरा. साच्यावर एका वेळी पातळ थर द्या आणि तो पूर्ण वाळल्यावरच दुसरा. पहिला दिवस सावलीत, मग ऊन. थेट कडक उन्हात ठेवलेली टोपली वरून आक्रसते आणि तिला भेगा पडतात. वर्तमानपत्राची शाई रंगातून डोकावते, म्हणून आधी पांढरा प्रायमर. माळव्यात पाऊस सप्टेंबरपर्यंत रेंगाळतो, तेव्हा दिवाळीच्या टोपल्या मे महिन्यातच करून ठेवा. आणि त्यात चिवडा-लाडू ठेवायचे नाहीत हे गिऱ्हाइकाला आपणहून सांगा. तिथं छापील कागदाचं काम नाही.

कतरण शिवण सोडते

महेश्वरी साड्यांच्या कापडाचं कतरण, म्हणजे शिंप्याकडे उरलेले तुकडे, इथं सहज मिळतं आणि दिसतंही देखणं. पण त्यात ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. रेशीम गुळगुळीत, त्यामुळे शिवणीला ताण आला की धागे सरकतात आणि पाऊच भरल्यावर बाजूला जाळी दिसायला लागते. नुसतं सुती अस्तर लावून हे थांबत नाही. मागून इस्त्रीनं चिकटणारं बकरम लावा, शिवणीला एक सेंटिमीटरपेक्षा जास्त माया सोडा आणि टाका बारीक ठेवा. जुन्या साड्या वापरत असाल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून पाहा. रंग फडक्यावर आला तर तो उद्या कुणाच्या तरी कुर्त्यावर येणार. जीन्सला सोळा किंवा अठरा नंबरची सुई घ्या. चौदा नंबरची सुई मोडून तिचा तुकडा कुठं गेला हे शोधण्यात माझी एक दुपार गेली आहे.

दुधाच्या पिशव्या नीट धुतल्या नाहीत तर वास येतो. एवढंच. वास येणारी वस्तू कुणी दुसऱ्यांदा हातात घेत नाही.

‘सामान तर फुकटच आहे’

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ‘भाभीजी, ये तो पुराने कपडे का है, फिर दो सौ अस्सी कैसे?’ असं कुणी विचारलं की आपण स्वतःच ओशाळतो आणि दीडशे म्हणून टाकतो. मी एकदा वही घेऊन बसले. एका पाऊचला कतरण 20 रुपये (शिंपीदादा पहिल्यांदा फुकट देतात, तिसऱ्यांदा किलोनं पैसे मागतात, आणि त्यांचं बरोबरच आहे), अस्तर 25, चेन आणि रनर 12, बकरम 10, दोरा 3. झाले 70. सव्वा तास काम, तासाला 80 रुपये धरले तर 100. स्टॉलचं दोन दिवसांचं भाडं 3000 आणि साठ नग विकले जातील असं धरलं तर नगामागे 50. टॅग आणि कागदी पिशवी 10. बेरीज 230. म्हणजे दीडशेला विकताना मी दर पाऊचवर 80 रुपये पदरचे घालत होते आणि घरी येऊन ‘आज सगळा माल संपला’ म्हणून पेढे वाटत होते. यात रिक्षा धरलेलीच नाही.

शेजारच्या स्टॉलपेक्षा दहा रुपयांनी कमी भाव लावणं हा त्यातलाच प्रकार. ती गोदामातून माल आणते की हातानं करते हे आपल्याला माहीत नसतं. त्यापेक्षा तीन पायऱ्या ठेवा: 30-50 रुपयांच्या वस्तू, 200-300 चं मधलं सामान आणि दोन-तीन मोठे नग. मुलं पहिल्या पायरीशी थांबतात आणि आयांना तिथं उभं राहावंच लागतं. प्रत्येक नगावर किंमत लिहा. घासाघीस होणारच, पण लिहिलेली किंमत मनातल्या मनात घटत नाही.

आणखी एक, दिसेल ते गोळा करू नका. ‘घर आहे की भंगारवाल्याचं गोदाम?’ असं सासूबाईंनी विचारल्यावर मी बाटल्यांचे अर्धे खोके रद्दीवाल्याला दिले. बारा प्रकारच्या दोन-दोन वस्तूंपेक्षा तीन प्रकारच्या वीस-वीस वस्तू स्टॉलवर भरघोस दिसतात, आणि हातही त्यावर बसतो.

स्टॉलवर

इंदूरची माणसं घराबाहेर पडतात सात वाजल्यानंतर. दुपारी छान दिसणारा स्टॉल तेव्हा अंधारात असतो, कारण आयोजकांचा एकच ट्यूब दोन स्टॉलच्या मधोमध टांगलेला. स्वतःचा पिवळसर दिवा आणि लांब एक्स्टेन्शन बोर्ड न्या. सगळं सामान टेबलावर पसरू नका, निम्मं तरी डोळ्यांच्या उंचीला आणा. चाप आणि सुतळी हवीच. माळव्यातली रात्र सुखद खरी, पण तिचा वारा टॅग उडवून नेतो.

क्यूआर कोड पुठ्ठ्यावर मोठा लावा, पण गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचा ‘सक्सेसफुल’ बघून माल देऊ नका, आपल्या फोनवर पैसे आल्याचं बघा. सुटे न्याच. आणि पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत. 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगला बंदी आहे, आणि पुनर्वापराच्या स्टॉलवर ती दिसली तर दंडाआधी हसू होतं.

मेळा संपल्यावर काय विकलं गेलं एवढंच लिहिणं पुरत नाही. काय उचललं आणि परत ठेवलं, तेही लिहा. माझ्या वहीत ‘बंद छोटा’ असं सात वेळा आलंय. गेल्या खेपेला तर एक मुलगी मागच्या वर्षीची पिशवी घेऊनच आली, बंद तुटलेला. बदलायला दहा मिनिटं आणि हातभर नाडी लागली. तेवढ्या वेळात तिच्या आईनं दोन पाऊच निवडले, पण भाव मात्र केलाच.