सिनेमा संपल्यावर ‘कसा वाटला?’ असं विचारू नका

सांगलीत गावभागात माझं कटिंगचं दुकान आहे. दोन खुर्च्या, तीन आरसे, एक बाकडं. सोमवारी दुकान बंद. त्या संध्याकाळी शटर अर्धं ओढून मी आठ-दहा जणांना सिनेमा दाखवतो. भाचा लग्नाचं शूटिंग करतो, सीझन नसला की त्याचा प्रोजेक्टर घरात धूळ खात पडतो, तो आणतो. गेल्या वर्षभरात एकच सिनेमा मी पाच वेळा दाखवला, पाच वेगळ्या घोळक्यांना: ‘द मॅन हू वॉझन्ट देअर’. याच सिनेमाचा हट्ट का, तर त्यातला मुख्य माणूस न्हावी आहे, आणि तोही दुसऱ्या खुर्चीवरचा. पहिली खुर्ची मेव्हण्याची. मीही १४ वर्षं थोरल्या भावाच्या दुकानात दुसऱ्या खुर्चीवर काढलीत. ती खुर्ची काय असते ते मला कुणी सांगायला नको.

या पाच खेळांत एक कळलं. सिनेमा दाखवणं सोपं, बघणाऱ्याच्या पोटातलं मत बाहेर काढणं अवघड. ते कसं काढायचं तेवढंच इथं लिहितोय.

गोष्ट थोडक्यात सांगतो, शेवट सोडून. सिनेमा अमेरिकेतल्या कोएन बंधूंचा, २००१ चा. काळ १९४९, गाव कॅलिफोर्नियातलं सांता रोझा. एड क्रेन हा न्हावी दिवसभर सिगरेट ओढतो आणि बोलत नाही. बायको एका मोठ्या दुकानात हिशेब बघते. तिचं तिथल्या साहेबाशी काहीतरी आहे असा याला वास येतो. एक दिवस एक गिऱ्हाईक येतं आणि ड्रायक्लीनिंगच्या नव्या धंद्यात १०,००० डॉलर घाला म्हणतं. एड त्या साहेबालाच निनावी चिठ्ठी पाठवून पैसे मागतो. तिथनं एकेक माणूस खड्ड्यात जायला लागतो. खून आहे, कोर्ट आहे, आणि तरी मधेच हसू येतं. किंवा येत नाही. मतं फुटतात ती इथंच.

आता खोली. काळापांढरा सिनेमा उजेडात लावला तर तो काळापांढरा राहत नाही, राखाडी होतो. प्रोजेक्टर काळा रंग फेकत नसतो, तिथं फक्त उजेड टाकायचं थांबतो. म्हणजे तुमची खोली जेवढी काळी, तेवढाच पडद्यावरचा काळा. पहिल्या खेळाला मला हे कळलं नव्हतं. वर तीन आरसे! उजेड आरशातनं परत भिंतीवर, भिंतीवरनं टकलांवर. दुसऱ्या वेळेपासनं गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकायची काळी कापडं आरशांवर टाकायला लागलो. शटरखालच्या फटीत जुनं पोतं. २०१९ च्या पुरात दुकान बुडालं होतं, पाणी उतरल्यावर सगळी रंगरंगोटी केली, तेव्हा एक भिंत पांढरीफेक ठेवली होती. ती आता पडद्याचं काम करते. टीव्हीवर दाखवणार असाल तर चित्राचं ‘व्हिव्हिड’ सेटिंग काढून ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ ठेवा, नाहीतर पांढऱ्यावर निळी झाक येते.

एवढा खटाटोप कशाला, असं भाचा म्हणाला होता. तर यासाठी: हरभट रोडवर ज्यांचा फोटो स्टुडिओ होता असे एक अण्णा तिसऱ्या खेळाला आले. आयुष्यभर डार्करूममध्ये फोटो धुतलेला माणूस. गोष्टीबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. म्हणाले, “काळ्यात पण चार काळे दिसत्यात. धुराचा वेगळा, कोटाचा वेगळा.” मी त्यांना सांगितलं की छायाचित्रकार रॉजर डीकिन्स यांनी हा सिनेमा रंगीत फिल्मवर घेतला आणि प्रिंट काळीपांढरी काढली. अण्णा पाच मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले, “मग बरोबर आहे.” काय बरोबर आहे ते सांगितलं नाही. पण पहिल्या खेळासारखी खोली राखाडी असती, तर हे मत जन्मालाच आलं नसतं.

खाणं सिनेमा संपल्यावर द्या. पहिल्यांदा मी भडंग आधीच वाटलं. एडच्या आवाजात पहिलीच दोन वाक्यं येतात आणि दुकानात नुसतं कुर्रम कुर्रम. भडंग चांगलं, पण या सिनेमासमोर नाही. यातला नायक हळू बोलतो.

आणि मध्यंतर? आपल्याला सवय आहे. सिनेमा ११६ मिनिटांचा आहे. दोन खेळांत मी बरोबर मध्यावर चहा दिला, आणि दोन्ही वेळा चहाबरोबर मतं तयार झाली. एकानं ‘संथ आहे’ म्हटलं की कप खाली ठेवेपर्यंत सगळ्यांचं तेच. उरलेला सिनेमा लोक ते मत सांभाळत बघतात. तेव्हा मध्यंतर देऊ नका. ज्याला उठायचं तो उठून जाईल.

सुरू करण्याआधी काय सांगावं, यावर मी बरेच दिवस डोकं खाजवलं. पहिल्या खेळाला मी शहाणपणा केला. सांगितलं की जोएल कोएन यांना या सिनेमासाठी फ्रान्समधल्या कान सिनेमा महोत्सवात दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालंय, डेव्हिड लिंच या दुसऱ्या दिग्दर्शकाबरोबर विभागून. झालं, सगळे देवळात बसल्यासारखे बसले. कुणी हसेना. त्यातला वकील, सॅक्रामेंटोहून येणारा, भरमसाठ फी घेणारा, जेवणावर ताव मारत माणसाच्या जिवामरणाची गोष्ट करणारा, इतका बेरकी आणि मजेशीर माणूस, पण एक जण हसेल तर शपथ. नंतर एक काकू म्हणाल्या, “मला हसू येत होतं, पण बक्षिसाचा आहे म्हणून दाबलं.” त्या दिवसापासनं बक्षिसं सिनेमा संपल्यावर सांगतो, तीही कुणी विचारली तर.

आता आधी तीनच गोष्टी सांगतो. एक, सिनेमा जुना नाही, मुद्दाम काळापांढरा आहे. हे सांगावंच लागतं, नाहीतर निम्मे लोक ‘त्या काळात असलंच असायचं’ म्हणून सगळं माफ करतात. दोन, कोण कोणाचा कोण ते, म्हणजे मेव्हणा कोण, साहेब कोण, कारण सबटायटल इंग्रजीत असतात आणि नाती कळेपर्यंत वीस मिनिटं जातात. तीन, हसू आलं तर हसा. हे तिसरं सांगणं बरोबर की चूक, याचा निकाल माझ्या मनात अजून लागलेला नाही. सांगितलं की काही जण हसायचंच ठरवून येतात आणि खुनालाही हसतात. पण न सांगण्यापेक्षा हे परवडलं.

सिनेमा चालू असताना तुम्ही पडद्याकडे बघू नका, माणसांकडे बघा. तुमचा बघून झालेलाच असतो. मी गल्ल्याजवळ बसतो आणि जुन्या बिलबुकाच्या मागं खुणा करतो: कोण कुठं हसलं, कोण कुठं हललं. हा कागद नंतर सोन्याच्या भावाचा ठरतो. उदाहरण देतो. बायको टबात बसलीय आणि एड तिच्या पायांवरचे केस काढून देतो, असा प्रसंग आहे. पाचही खेळांत तिथं पुरुषांनी मान खाली घातली, आणि पाचही खेळांत बायका नीट बघत होत्या. नंतर विचारल्यावर पुरुष म्हणाले ‘आचरट सीन’. एक वहिनी म्हणाल्या, “त्यांच्या संसारात तेवढाच एक हात लावायचा प्रसंग उरलाय की.” हे ऐकून मी गार झालो. धंदा माझा, आणि मला ते दिसलं नव्हतं.

आता मुख्य काम, विचारण्याचं. दिवा लावल्याबरोबर विचारू नका. उजेड डोळ्यात गेला की माणूस सभ्य होतो आणि ‘बरा आहे’ म्हणतो. ‘बरा आहे’ म्हणजे चपला कुठायत. एकच बारका दिवा लावा, भडंगाची परात मधे ठेवा आणि तुम्हीच गप्प बसा. माझ्या धंद्यात हे आयतं कळतं. गिऱ्हाइकाला समोरून विचारलं तर ते हवापाण्याचं बोलतं, मागं उभं राहून कात्री चालवली की आरशात बघत घरातलं सगळं सांगतं. माणसाला तोंडाकडे तोंड करून मत विचारलं की तो उत्तर देतो, मत देत नाही. म्हणून मी दुकानातल्या खुर्च्या समोरासमोर फिरवत नाही. सगळे भिंतीकडे तोंड करूनच बसतात.

मग एक बारीक वस्तू पुढं टाका. ‘नायक कसा वाटला’ असलं काही नको. मी विचारतो, “तो मेव्हणा शहाणा की खुळा?” या मेव्हण्याला, फ्रँकला, तोंडाला कुलूप नसतं, दिवसभर बडबड. पण बहिणीवर बालंट येतं तेव्हा वकिलाच्या फीसाठी तो दुकान गहाण टाकतो. एवढ्या एका प्रश्नावर माझ्या दुकानात दीड तास वाद झालाय. हळदीची दलाली करणारे एक तात्या म्हणाले, “सिनेमा त्या बिडी ओढणाऱ्याचा न्हाईच. भावाचा हाय. बहिणीसाठी दुकान घातलं त्यानं, आणि हा मख्खासारखा बघत बसला.” मख्ख! एडबद्दलचं सगळ्यात खरं मत मला तात्यांनी दिलं, आणि मी एडबद्दल विचारलंच नव्हतं.

‘संथ आहे’ हे मत दर खेळाला येणारच. त्यावर वाद घालू नका, मुलाखत घ्या. कुठं संथ? पियानोपाशी? त्यात एक शाळकरी मुलगी बेथोव्हेनची रचना वाजवते आणि एड ऐकत बसतो. “तिथं काही घडत नाही,” असं एक कॉलेजचा पोरगा म्हणाला. मी कागद काढला. बाबा, तू तिथं मोबाईल खिशात ठेवलास, माझ्याकडं लिहून आहे. पोरगं लाजलं आणि म्हणालं, “संथ म्हणजे कंटाळा नाही ओ, वाईट वाटत होतं.” तर ‘संथ’ या शब्दाच्या पोटात कधी कंटाळा असतो, कधी वाईट वाटणं, कधी सबटायटल पकडता न येणं, आणि एकदा तर नुसती लघवी लागलेली होती. कुठलं ते शोधल्याशिवाय वहीत ‘संथ’ लिहू नका.

जाणकार माणूस घोळक्यात एक तरी असतोच. आमच्याकडे निवृत्त मास्तर आहेत. ‘निओ-न्वार’ म्हणजे काय ते त्यांना ठाऊक आहे आणि ते त्यांना सांगायचंच असतं. जुन्या अमेरिकन गुन्हेपटांच्या सावल्या, धूर आणि फसलेली माणसं नंतरच्या काळात पुन्हा वापरली की त्याला ते नाव, एवढंच ते आहे. पण मास्तरांनी आधी सांगितलं की बाकीच्यांचं तोंड बंद होतं. उपाय साधा: त्यांना शेवटची पाळी द्या आणि तोवर चहा गाळायला सांगा. मास्तर चहा छान करतात.

कधी कधी मत सिनेमाला सोडून भलतीकडे जातं. जाऊ द्या. चौथ्या खेळाला वाळवा तालुक्यातले एक पाहुणे होते. ड्रायक्लीनिंगचा गडी पडद्यावर ‘पाणी लागत नाही, नवीन आहे, आत्ता शिरलं तर फायदा’ या चालीवर बोलायला लागला आणि पाहुणे अंधारात मोठ्यानं म्हणाले, “कडकनाथ!” आमच्या जिल्ह्यात कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेत कितीतरी जणांचे पैसे बुडाले, त्यात हेही होते. सगळं दुकान हसलं, तेही हसले. नंतर अर्धा तास कोंबड्यांवरच बोलणं झालं. मी अडवलं नाही. शेवटी तेच सिनेमाकडे परत आले: “पण ओ, हा गडी ठक होता का खरंच धंदा काढणार होता? आम्ही आपलं केसांचा टोप बघून ठक ठरवला.” हा प्रश्न मला चार खेळांत पडला नव्हता. त्याचं उत्तर सिनेमात आहे, शोधा.

उडत्या तबकडीबद्दल मात्र माझ्याकडे युक्ती नाही. हो, यात उडती तबकडी आहे. तिथं निम्मे लोक गोष्टीतनं सुटतात आणि निम्मे जाम खूष होतात. कुणालाच का ते सांगता येत नाही. मी पण आता विचारायचं सोडलंय.

मत लिहिताना माणसाच्याच शब्दांत लिहा. तात्यांच्या ‘मख्ख’ला तुम्ही ‘भावनाशून्य’ केलंत की ते मत मेलं. तारीख घाला. आणि पंधरा दिवस वही मिटू नका, कारण पक्कं मत उशिरा येतं. आमच्याकडे ते खुर्चीत बसल्यावर येतं. तुमच्याकडे पानटपरीवर येईल, सांगलीतच असाल तर आयर्विन पुलावर फिरताना येईल.

सिनेमात एक जागा आहे. एड एका पोराचे केस कापता कापता मेव्हण्याला म्हणतो की हे केस वाढतच राहतात, आपल्याच अंगाचा भाग, आणि आपण ते कापून मातीत टाकतो. मेव्हणा त्याच्याकडे वेडा झालाय का अशा नजरेनं बघतो. या प्रसंगावर पाचही खेळांत कुणी काही बोललं नाही, माझ्या कागदावरही तिथं खूण नाही. मला वाटलं, हे फक्त मलाच लागलं असणार.

मग परवा तात्या दाढीला आले. फेस लावून झाला होता, वस्तरा गालावर होता. तात्यांनी डोळे न उघडता विचारलं, “ह्या केसांचं काय करता ओ तुम्ही?”

“घंटागाडीत जातात, तात्या.”

“सगळेच?”

“सगळेच.”

तात्या गप्प झाले. मी हात पुसला, गल्ल्यातली वही काढली, तारीख घातली, लिहिलं, आणि दुसऱ्या गालाला लागलो.