पन्हाळा–पावनखिंड चालायचंय? नावं एप्रिलमध्येच पक्की करा

12 जुलै 1660 च्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले आणि दुसऱ्या दिवशी बाजीप्रभूंनी घोडखिंड, म्हणजे आजची पावनखिंड, अडवून धरली. मोहिमा आजही त्याच तारखांच्या आसपास, म्हणजे भर पावसात निघतात. वाट 50 किलोमीटरच्या वर आहे आणि बहुतेक गट ती दोन दिवसांत चालतात. चढ फार अवघड नाहीत. माणूस मोडतो तो चिखलानं, ओल्या मोज्यांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बूट घालायची वेळ आल्यावर. तयारी या तिसऱ्या गोष्टीची करायची.

गट 8 ते 12 जणांचा पुरे. ग्रुपवर नुसता होकाराचा अंगठा टाकणाऱ्याला धरू नका, गाडी-जेवणाचे निम्मे पैसे आगाऊ देणाऱ्यालाच धरा. पैसे घेतानाच दुसरी अट सांगून टाका: जूनअखेरच्या जोड-चालीत, म्हणजे लागोपाठ दोन दिवसांच्या लांब चालीत, दोन्ही दिवस पूर्ण न करणारा मोहिमेत नाही, मग तो कितीही जवळचा असो. वाईटपणा घ्यायचा तर तो जूनमध्ये घ्यावा. वाटेतल्या मसाई पठारावर बसकण मारलेल्या गड्याला उचलून आणणं त्याहून अवघड.

तयारीला 12 आठवडे धरा. आठवड्यातून दोन दिवस सपाट चाल, पहाटे साडेपाचला, कारण मे महिन्यात आठनंतर चालण्यात अर्थ नाही. कोल्हापुरात रंकाळ्याची एक फेरी चार किलोमीटरच्या आसपास होते. दोन फेऱ्यांपासून सुरुवात करा. एक दिवस चढ: वाघबिळातून पन्हाळा किंवा जोतिबाचा डोंगर. रविवारी लांब चाल 10 किलोमीटरपासून सुरू करून दर आठवड्याला दोन-तीन किलोमीटरनं वाढवा, आणि दर चौथ्या आठवड्याला निम्म्यावर आणा. पाठीवरची सॅकही रिकामीपासून 5 किलोपर्यंत हळूहळूच भरा. मोहिमेच्या साधारण दोन आठवडे आधी जोड-चाल: शनिवारी 25 किलोमीटर, रविवारी 15. त्यानंतर चाल निम्म्यावर आणायची. शेवटच्या आठवड्यात जोर करून दम वाढत नाही, गुडघा मात्र दुखावतो.

तालमीतल्या बैठका चांगल्याच, पण त्या चढाला उपयोगी. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो आणि ती सवय नसली की दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरवत नाहीत. त्यासाठी पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच तीन सेकंदांत हळू खाली टेकवा. प्रत्येक पायाला 10 वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा.

पायांकडे मात्र सगळ्यात जास्त लक्ष द्या. बूट खोल खाचांच्या रबरी तळाचे आणि किमान 80–100 किलोमीटर वापरलेले असावेत. नवे बूट घालून निघणं म्हणजे फोडांना आमंत्रण. वॉटरप्रूफ बुटांचा या वाटेवर फारसा उपयोग नाही: ओढ्यात पाणी वरून शिरतं आणि आतच राहतं. सुती मोजे नकोत. सिंथेटिक मोज्यांचे तीन जोड घ्या, त्यातला एक फक्त मुक्कामासाठी प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवा. निघताना बोटांच्या बेचक्यात आणि जांघेत पेट्रोलियम जेली लावा. नखं चार-पाच दिवस आधी सरळ कापा, नाहीतर उतारावर अंगठा बुटाला आपटून नख काळं पडतं. टाचेला चरचरलं की तिथंच थांबून पट्टी लावा. "पुढच्या वाडीत बघू" म्हणेपर्यंत फोड आलेला असतो. सॅकला नुसतं कव्हर पुरत नाही, आत मोठी प्लॅस्टिक पिशवी लावून त्यात सामान भरा. जीन्स घरीच ठेवा.

जळवा लागणारच. ओढून तोडू नका, तिच्या तोंडाशी नख सरकवून सोडवा. रक्त थोडा वेळ वाहतं, कारण ती ते गोठू देत नाही. जखम धुऊन दाबून धरा. पायाला जखम असेल तर भातखाचरात उतरण्याआधी झाकून घ्या आणि परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ही चाल आवर्जून सांगा. अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो.

पावसात तहान कळत नाही, घाम मात्र जातोच. दर तासाला अर्धा लिटरच्या आसपास पाणी घ्या. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यातच. घट्ट कालवली तर पोट बिघडतं. आदल्या रात्री तांबडा-पांढरा रस्सा नको, तो परतल्यावर.

चालताना वाट माहीत असलेला पुढे, दमदार आणि शांत डोक्याचा शेवटी, आणि सगळ्यात हळू चालणारा दुसऱ्या क्रमांकावर. कारण तो शेवटी राहिला की गट त्याच्यासाठी थांबतो, तो पोचला की लगेच निघतो, आणि विसावा फक्त त्यालाच मिळत नाही. मसाई पठारावर धुक्यात ढोरवाटा फसवतात. तिथं गट आवाजाच्या अंतरात ठेवा आणि विजा चमकू लागल्या तर उघड्यावर थांबू नका. वेळेचा हिशेब चिखलात ताशी 3 किलोमीटरनं करा. सहाला पन्हाळा सोडला तर अंधाराआधी करपेवाडीच्या आसपास मुक्काम गाठता येतो. ओढ्याचं पाणी गढूळ होऊन मांडीला लागलं तर थांबायचं, दोर असला तरी.

वाटेत बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नसते. म्हणून गाडीवाल्याला फोन करू असं न ठरवता जागा आणि वेळ आधीच सांगून ठेवा: मुक्कामाचं गाव संध्याकाळी, पावनखिंडीजवळचं पांढरेपाणी दुसऱ्या दिवशी दुपारी. कोरडे कपडे आणि चपला त्याच गाडीत ठेवा.