कोंबड्यांच्या लिव्हरसाठी हळद, पण आधी मका बघा
गावरान असो का ब्रॉयलर, कोंबडीचं लिव्हर बिघडवण्यात बुरशी लागलेली मका लई पुढं, तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हंजी बुरशीचं विष, थेट लिव्हरवर बसतं, मग लिव्हर पिवळट, ठिसूळ होतं अन् पक्षी खाऊनबी वजन धरत नाही. आपल्याकडं वसमत-हिंगोलीची हळद हाय की! किलोभर खाद्याला ५ ग्रॅम पावडर नीट मिसळा, हळदीतलं कर्क्युमिन, म्हंजी तिचा पिवळा घटक, हे नुकसान कमी करतं. रंग मारलेली नको, घरी दळलेली बरी. लोक भुईआवळ्याचं लिव्हर टॉनिक आणायलेत, आणा, पण मका आधी ओल १३ टक्क्यांखाली येईस्तोवर वाळवा. हिरवी-काळी पडलेली मका हळदीनं सुधरत नसती, अन् ती म्हशीलाबी घालू नका, विष दुधात उतरतं.